सतरा नंबरचा कोर्स

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे क्रियापदबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ऑफिस एवढंसं होतं की पाठीमागे म्हणजे फार तर दोन टेबलं पलीकडे. त्यांना अर्थातच माहीत होतं. एकदा माझी जीभ घसरली आणि मी तोंडावरच म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव वाईट नाहीये. विशेषणबाई म्हणाला असतात तर राग आला असता."

बाईंनी चौदा वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं होतं. मग शाळेत मुलं कमी झाली, तुकड्या एकमेकींत मिसळल्या आणि व्याकरणाला वेगळ्या बाई कशाला हव्यात, हे वरच्यांना उमजेना. तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. आमची कंपनी आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करायला बायका पुरवायची. कागदावर त्यांना 'देखभाल सहायक' म्हणत. बोलताना सगळ्यांच्या तोंडी 'मावशी', मग ती मावशी बावीस वर्षांची का असेना. अशा चारशेच्या आसपास मावश्या होत्या. त्यांना ऑनलाइन शिकवायचं खातं नवीनच निघालं होतं. खातं म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, जिच्यात आधी मोडके वॉकर ठेवायचे. माणसं दोन. बाई कोर्स लिहायच्या, मी चित्रं, आवाज आणि व्हिडिओ जोडायचो.

नाव पडलं ते पहिल्याच मीटिंगमध्ये. आमच्या प्रमुखांचंही एक नाव होतं, टक्केसाहेब. वाक्यात एखादा टक्का घातल्याशिवाय त्यांना घास गिळल्यासारखं वाटत नसे. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'कोर्सनंतर सहायकांना स्वच्छतेचं महत्त्व समजेल.' बाईंनी हात वर केला.

"साहेब, समजलं हे दिसणार कसं?"

"म्हणजे?"

"समजणे हे क्रियापद बाहेरून दिसत नाही. हात धुणे दिसतं, चादर बदलणे दिसतं. कोर्स संपल्यावर ती बाई काय करेल, तेवढंच लिहू या. समजेल, उमजेल, जाणीव होईल, हे सगळं तिच्या पोटात. आपण पोटात कुठून बघणार?"

"शंभर टक्के बरोबर," टक्केसाहेब म्हणाले आणि फळा होता तसा राहू दिला.

पहिला कोर्स हात धुण्याचा. माझा अंदाज होता, दोन दिवसांचं काम. बाई मात्र आठवडाभर मावश्यांबरोबर लोकांच्या घरी जाऊन बसल्या. परत आल्या त्या एक मजेशीर बातमी घेऊन. हात कसे धुवायचे हे प्रत्येकीला पाठ होतं. तरी त्या धुवत नव्हत्या, कारण बेसिन घराच्या दुसऱ्या टोकाला असायचं आणि 'साबण कुठे आहे' असं घरच्यांना विचारायची लाज वाटायची. म्हणून बाईंनी कोर्स लिहिला तो विचारण्याचा. दारातून आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय विचारायचं, कोणाला विचारायचं आणि घरची मालकीण कपाळाला आठ्या घालून बघायला लागली तर काय म्हणायचं. कोर्स छान झाला. तीन आठवडे लागले.

आणि नेमका तेव्हाच नवा नियम आला. देखभालीला जाणाऱ्या प्रत्येकीनं ठरावीक चाळीस विषयांचं शिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. मुदत सहा आठवडे. 'विचारणे' असा विषय त्या यादीत नव्हता, म्हणून आमचा तयार कोर्स त्यात धरलाच नाही.

टक्केसाहेबांनी गणित मांडलं. एका कोर्सला तीन आठवडे, तर चाळीस कोर्सना एकशेवीस. "म्हणजे आपल्याला मुदतीच्या दोन हजार टक्के वेळ लागतो," ते म्हणाले. हा टक्का बरोबर होता. त्यांचे टक्के नेहमी बरोबरच असायचे.

इथे मला बाईंबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की त्या तत्त्वासाठी नोकरी सोडून निघाल्या. तसं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर एक साचा आखला होता. विषयाचं नाव, व्याख्या, महत्त्व, प्रकार, घ्यायची काळजी, सारांश आणि शेवटी दहा प्रश्न. कोणताही विषय आणा आणि ओता.

"यात क्रियापद कुठंय?" मी विचारलं.

"नाहीये," त्या म्हणाल्या. "बघू नका तिकडे. ओता."

आणि आम्ही ओतत सुटलो. कंपनीत एक वयस्कर सिस्टर होत्या, मावश्यांना हाताला धरून शिकवणाऱ्या. त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल होती. त्या फाइलमधून मजकूर उचलायचा, साच्यात ओतायचा, मी आवाज लावायचा. आवाज माणसाचा नव्हताच, कॉम्प्युटरमधला होता. 'जखम' हा शब्द तो कुणाचं तरी अभिनंदन केल्यासारखा उच्चारायचा. दिवसाला दोन-दोन कोर्स व्हायला लागले. प्रश्नांचाही साचा होता. तीन उत्तरं आणि चौथं 'वरील सर्व'. चाळीस टक्के वेळा 'वरील सर्व' बरोबर असायचं. हा टक्का मी काढलेला आहे.

सिस्टर एकदा खोलीत डोकावल्या. पडद्यावर त्यांचीच फाइल सरकत होती. त्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही फाइल मी परीक्षेसाठी लिहिली होती हो. माझ्या. तीस वर्षांपूर्वी." आणि गेल्या.

सतरा नंबरचा कोर्स होता 'रुग्णाचे सुरक्षित स्थानांतरण'. म्हणजे आजारी माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणं. अडतीस स्लाइड. एका दुपारी केला, चहाला उठूनसुद्धा. त्या आठवड्यात टक्केसाहेबांनी सगळ्यांना बोलावून बाईंचं कौतुक केलं. सतरा कोर्स, मावश्यांचा निकाल शंभर टक्के, एकही नापास नाही. टाळ्या झाल्या. बाई टाळ्या वाजत असताना खिडकीकडे बघत होत्या.

त्याच आठवड्यात त्यांच्या सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

सासूबाई म्हणजे एक प्रकरण होतं. तीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी केलेली. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांना लोकांशी जोडून द्यायचं काम. आवाज असा की कुजबुजल्या तरी शेजारच्या खोलीत प्रत्येक अक्षर सुटंसुटं पोचावं. वय एक्याऐंशी. ऑपरेशन झालं, टाके सुकले, घरी आल्या. डॉक्टरांनी बजावलं, दिवसातून दोन वेळा खुर्चीत बसवलंच पाहिजे, पलंगाला खिळून राहिल्या तर संपलं. बाईंचे यजमान कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेर. तेव्हा बाईंनी आमच्याच कंपनीतून मावशी मागवली.

आली ती सव्वीस वर्षांची, सडपातळ, नीटनेटकी. आल्या आल्या मोबाइल काढून तिनं प्रमाणपत्रं दाखवली. तोवर निघालेल्या प्रत्येक कोर्सचं. सगळ्यांत शंभर टक्के.

"वा," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "आमच्या घरात एवढे मार्क कुणाला पडलेले नाहीत. चल, बसव मला."

पुढचं मी बाईंकडून ऐकलं, मग सासूबाईंकडून, मग त्या मावशीकडून. आणि तिघींच्या सांगण्यात फरक फक्त आवाजाचा होता.

मावशी व्हीलचेअर घेऊन पलंगाजवळ आली. बाई दारात उभ्या होत्या. बाई स्वतः कोर्स लिहिणाऱ्या, मावशी तो पूर्ण गुणांनी पास झालेली, तरी दोघीही एकमेकींकडे बघत होत्या. मावशी मनातल्या मनात काहीतरी आठवत होती. शेवटी ती म्हणाली, "आजी, स्थानांतरणाचे चार प्रकार असतात."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "त्यातला एकच कर. चारही नकोत."

मावशीनं त्यांना काखेतून हात घालून उठवलं. न सांगता, एकदम. सासूबाईंनी घाबरून तिचा खांदा धरला. खुर्चीच्या कडेला त्या टेकतात न टेकतात तोच खुर्ची सरकली. चाकांचे ब्रेक लावलेलेच नव्हते. खुर्ची भिंतीवर जाऊन आपटली आणि सासूबाई अर्ध्या पलंगावर, अर्ध्या मावशीच्या मांडीवर. बाई धावल्या. दोघींनी मिळून त्यांना कसंबसं मागे पलंगावर घेतलं. लागलं नाही. पण पुढची पाच मिनिटं सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बाई म्हणाल्या की त्यांच्या लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मावशी रडायला लागली. बाईंनी तिला स्वयंपाकघरात नेऊन पाणी दिलं.

"अगं, ब्रेक लावायचे असतात हे कोर्समध्ये नव्हतं का?"

"होतं ना ताई. एकोणतिसाव्या स्लाइडवर. काळजी घ्यायच्या मुद्द्यांत सहावा मुद्दा." तिनं नाक पुसलं. "पण त्याच्यावर प्रश्न नव्हता."

बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"प्रश्न प्रकारांवर होता," मावशी सांगत राहिली. "प्रकार किती, तर चार. ते मी पाठ केलं होतं. बसमध्ये उभ्यानं केला मी तो कोर्स. 'पुढे' बटण पाच सेकंदांनी येतं, तोवर वाचता येईल तेवढं वाचायचं. कुणी बनवलेत कोण जाणे हो ताई, पण असे कोर्स बनवणाऱ्याला एकदा माणूस उचलायला लावलं पाहिजे."

बाईंनी सांगितलं नाही. चार दिवस सांगितलं नाही. मला त्यांनी स्वतःहून कबूल केलं की त्यांनी तिच्यासमोर कोर्सला नावंसुद्धा ठेवली, 'हो ना गं, काय हे लोक' असं म्हणाल्या. पाचव्या दिवशी सासूबाईंनीच भांडं फोडलं. मावशी कोर्सवाल्यांचा उद्धार करत होती तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं लांब कशाला शोधतेस? ती काय, दारात उभी आहे. चहाचा कप घेऊन."

त्यानंतर बाई ऑफिसात आल्या त्या थेट टक्केसाहेबांच्या खोलीत. मीही मागोमाग गेलो, एका फाइलचं निमित्त काढून.

"सतरा नंबर पुन्हा करायचाय."

"तो पूर्ण आहे," साहेब म्हणाले. "पूर्ण झालेलं पूर्ण कसं करणार? अजून अकरा कोर्स राहिलेत, दिवस आहेत सोळा. तुम्ही पुन्हा तीन आठवडे घेणार."

"तीन दिवस."

"घाईत चांगलं काम होत नाही, हे तुम्हीच म्हणायचात."

"चुकत होते मी. घाईत सगळं सांगता येत नाही, एवढंच खरं आहे. मग सगळं सांगायचं कशाला?"

साहेबांनी तीन दिवस दिले. पण बाकीचे अकरा वेळेवर हवेत, या अटीवर. बाईंनी मान डोलावली. त्या अकरांच्या बाबतीत त्यांनी साचा वापरला की नाही हे कुणी विचारू नये. वापरला.

पण सतरा नंबरची सुरुवात त्यांनी फाइलपासून केली नाही. त्या सिस्टरना गाठायला जिन्यात उभ्या राहिल्या. सिस्टरना कधी वेळ नसायचा, कोर्स लिहायला बसा म्हटलं की त्यांचा रक्तदाब वाढायचा. बाईंनी एकच विचारलं, "सिस्टर, माणूस खुर्चीत बसवताना मावश्या नेमकं कुठे चुकतात?"

सिस्टर पायरीवरच थांबल्या. "चुकतात कुठे? रोज त्याच ठिकाणी चुकतात. ब्रेक लावत नाहीत. न सांगता अंगाला हात घालतात, मग पेशंट दचकतो. दंडाला धरून ओढतात, म्हाताऱ्या माणसाचा खांदा निखळायचा अशानं. आणि उठवलं की लगेच उभं करतात, अरे, जरा बसू दे कडेला, पाय जमिनीला लागू दे, डोळ्यांसमोरची अंधारी जाऊ दे." एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती. "हे फाइलमध्ये नाहीये," त्या जरा चमकून म्हणाल्या.

कोर्सचा मजकूर तेवढाच. चार चुका. व्याख्या गेली, सारांश गेला, महत्त्व गेलं. ज्या बाईला उद्या म्हातारं माणूस उचलायचंय तिला उचलण्याचं महत्त्व पटवायची गरज नव्हती. प्रकार चारावरून एकावर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल आणि एक तिवई घेऊन बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या, खिडकीत कपडे वाळत घातलेले, पलंगाखाली औषधांचा डबा. मावशी उचलणार, सासूबाई उचलून घेणार, सिस्टर बघणार. मी म्हणालो, "आवाज नंतर कॉम्प्युटरमधून टाकू." तेव्हा सासूबाईंनी तो आवाज ऐकायला मागितला. अर्धं मिनिट ऐकला.

"हा कोण मेला?"

"मशीन आहे आजी."

"याला कधी कुणी उचललेलं दिसत नाही. बंद कर. मी बोलते."

आणि त्या बोलल्या. पलंगावर बसून, कागद न बघता. "मी आजारी बाई बोलतेय. तू मला उचलायला आली आहेस. आधी त्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक लाव. लावलेस? आता ढकलून बघ. हलली तर मी पडणार आहे, तू नाही. आता माझ्यासमोर ये आणि मला सांग, तू काय करणार आहेस. मी भाजीची पिशवी नाही." असं चार मिनिटं. सिस्टरनी दोन ठिकाणी अडवलं. एकदा पाय कुठे टेकवायचे यावरून आणि एकदा खुर्ची ऑपरेशन न झालेल्या पायाच्या बाजूला हवी, यावरून. सासूबाईंनी पहिली दुरुस्ती लगेच मान्य केली आणि दुसरीवर वाद घातला आणि हरल्या.

प्रश्न बाईंनी लिहिले. 'किती' आणि 'कोणते' हे शब्द त्यांनी स्वतःलाच बंद केले. खोलीचं चित्र दाखवायचं, खुर्ची इथे, आजी तिथे, आता काय कराल? चुकीच्या जागी बोट लावलं की लाल फुली नाही यायची. खुर्ची सरकायची आणि सासूबाईंचा आवाज यायचा, "पडले." एवढंच. मग पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळं झाल्यावर घरातल्या कुणालाही खुर्चीत बसवून त्याचा व्हिडिओ सिस्टरना पाठवायचा, तोवर प्रमाणपत्र नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दोन मावश्यांना खोलीत बोलावलं, मोबाइल हातात दिला आणि म्हणाल्या, "करा. मी काही बोलणार नाही." मास्तरकी केलेल्या माणसाला न बोलण्याइतकी मोठी शिक्षा नाही. एक मावशी 'खुर्चीची चाकं बंद करा' या वाक्यापाशी अडली. ती पाय ठेवायच्या पट्टीकडे बोट नेत राहिली. तिला वाटलं, बंद करायचं म्हणजे काहीतरी दुमडायचं. बाईंनी ओठ दाबून धरले होते. ती गेल्यावर म्हणाल्या, "चूक तिची नाही. 'बंद करा' काढा. 'ब्रेक खाली दाबा' लिहा आणि ब्रेकचं चित्र मोठं करा." दुपारी तिसरीला बोलावलं. ती सरळ पार झाली. संध्याकाळी साडेपाचला कोर्स लागला. अकरा मिनिटांचा.

मला वाटलं, आता कौतुक होणार. दहा दिवसांनी टक्केसाहेबांनी बोलावलं.

"हे काय आहे? सगळीकडे शंभर टक्के, आणि सतरा नंबरमध्ये पहिल्या फेरीत एकसष्ट! या कोर्सनं आपल्या लोकांना नापास करायला सुरुवात केली आहे."

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "त्या आधीपासूनच नापास होत्या. फक्त लोकांच्या घरी जाऊन व्हायच्या. आता इथे होतात."

साहेबांना ते कुठेतरी लागलं असावं, कारण त्यांनी बराच वेळ टक्का काढला नाही. मग म्हणाले, "ठीक आहे. पण तपासणीत हे दिसायला नको."

मुदत संपली त्या आठवड्यात तपासणी झाली. तपासणारे गृहस्थ सज्जन होते, हातात यादी होती. चाळीस विषय, चाळीस टिकमार्क. मग त्यांनी प्रत्येक कोर्सची लांबी बघायला घेतली. नियमात लिहिलं होतं, प्रत्येक विषय किमान तीस मिनिटं. एकोणचाळीस कोर्स तीस मिनिटांच्या वर होते, काही तर पन्नाशीला टेकले होते. सतरा नंबर अकरा मिनिटं.

"हा अपुरा आहे," ते म्हणाले.

"यात बाई माणूस बसवायला शिकते," बाई म्हणाल्या.

"असेल. पण अकरा मिनिटांत?"

"हो."

"मग उरलेली एकोणीस मिनिटं तिनं काय करायचं?"

शेवटी टक्केसाहेबांनी मार्ग काढला. अडतीस स्लाइडचा जुना कोर्स परत मूळ जागी आला आणि नव्याला 'पूरक साहित्य' असं नाव मिळून तो यादीच्या तळाशी गेला. तपासणीत आम्ही उत्तम दर्जानं उत्तीर्ण झालो.

बाई त्या दिवशी वेळेआधी घरी गेल्या. मला वाटतं, त्या वर्षात तेवढ्या एकाच दिवशी.

पण मावश्या काही यादी वरून खाली वाचत नव्हत्या. त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. जुना कोर्स आवाज बंद करून लावायचा, भांडी घासता घासता 'पुढे' दाबत राहायचं, आणि मग खालचा बघायचा. त्यांच्यात त्याला 'आजीचा कोर्स' म्हणत. सिस्टरनी स्वतःच्या अधिकारात एक नियम काढला, कागदावर न आणता. व्हिडिओ पाठवल्याशिवाय कुणाला घरी पाठवायचं नाही. त्यांच्या मोबाइलवर रोज नवरे, सासवा, शेजारणी, एकदा तर घरमालक खुर्चीत बसवले जाऊ लागले. व्हिडिओत एक नवरा इतका खूश दिसत होता की सिस्टरनी तो आम्हाला दोनदा दाखवला. तिकडे खुर्चीवरून पडल्याच्या तक्रारी आधी महिन्याला चार-पाच यायच्या, त्या पुढच्या तीन महिन्यांत एक आली. तीही अशा मावशीची, जिनं व्हिडिओत दुसरीलाच उभं केलं होतं.

सासूबाई दीड महिन्यानं वॉकरवर चालायला लागल्या. मावशी निघाली तेव्हा तिला म्हणाल्या, "आता कुणाच्या घरी चार प्रकार सांगू नकोस." ती हसली आणि वाकून पाया पडायला गेली, तर म्हणाल्या, "वाकताना गुडघ्यातून वाक. कंबरेतून नको."

वर्षाअखेर अशा सगळ्या कंपन्यांचं एक संमेलन भरलं. सहा आठवड्यांत चाळीस कोर्स तयार केल्याबद्दल टक्केसाहेबांना ढाल मिळाली. आम्ही दोघं शेवटून तिसऱ्या रांगेत होतो. साहेबांनी भाषणात 'वेगाशी तडजोड न करता दर्जा आणि दर्जाशी तडजोड न करता वेग' असं म्हटलं आणि नमुना म्हणून पडद्यावर एक तुकडा दाखवला. चाळीसांपैकी एकही त्यांना दाखवण्यासारखा वाटला नसावा. कारण सभागृहात एकदम सुटासुटा आवाज घुमला, "मी भाजीची पिशवी नाही." लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. बाईही वाजवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी बघितलं.

"तुमचं नावसुद्धा घेतलं नाही," मी म्हणालो.

"नाव कशाला? त्यांना कळलं ना कुठला दाखवायचा ते. पुष्कळ झालं."

त्यानंतर मी दोन वर्षं तिथे होतो. तेवढ्यात बाईंनी आणखी पाच कोर्स नव्यानं केले, एकेक करून, सगळे तळाशी 'पूरक साहित्य' म्हणून. क्रम त्यांनीच लावला होता. ज्यात चूक झाली तर माणसाला इजा होते तो आधी, आणि ज्यात चूक झाली तर फक्त परीक्षा चुकते तो कधीच नाही. बाकीचे चौतीस साच्यातले तसेच आहेत. लोक ते रोज पास होतात.

माझ्या शेवटच्या आठवड्यातली एक गोष्ट मात्र सांगतो. दुपारची वेळ. एक नवीन मावशी तिसऱ्या मजल्यावर आली, धापा टाकत. तिला दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या घरी जायचं होतं तिथल्या आजोबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि पाणी पितानाही ठसका लागत होता. "मॅडम, भरवायचा कोर्स कुठला बघू? एक बघितला, त्यात आहाराचे घटक सांगितलेत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. भरवण्याचा कोर्स नव्यानं करायचा राहिला होता. त्यांनी फोन उचलून सिस्टरना विचारलं, कुठे चुकतात? मग एका कोऱ्या कागदावर पेननं चार चौकोन आखले आणि मला म्हणाल्या, "काढा." पहिल्यात ताठ बसवलेले आजोबा. दुसऱ्यात मावशीसुद्धा बसलेली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, उभ्यानं भरवायचं नाही. तिसऱ्यात छोटा चमचा, आणि गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा नाही. चौथ्यात ठसका लागला की हात खाली, थांबायचं, आणि सिस्टरचा नंबर. मी काढलेले आजोबा जरा बटाट्यासारखे झाले. बाईंनी एक चमचा आणि पाण्याचा पेला आणला, स्वतः खुर्चीत आजोबा होऊन बसल्या आणि त्या मावशीकडून तीनदा करून घेतलं. दुसऱ्या वेळी ती उभी राहिली तर बाई तोंड मिटून बसल्या, उघडेचनात. मग तिच्या लक्षात आलं.

चाळीस मिनिटं लागली. कागदाचा फोटो तिनं मोबाइलवर घेतला, कागद टेबलावरच राहिला. हा कोर्स कुठल्या यादीत नाही, त्याला नंबर नाही, वेळ मोजलेली नाही. मावशी जिन्यातून उतरत होती तेव्हा बाईंनी वरून विचारलं, "उद्या पहिलं काय करशील?"

"आधी त्यांना सांगेन, भरवायला बसतेय म्हणून," ती खालून म्हणाली. हे आमच्या चार चौकोनांत नव्हतं. बाई परत आत आल्या आणि त्यांनी कागदावर पाचवा चौकोन आखला.